मोरीतल्या नळाची धार



या सदरात आपण नेहमी बियाणे, खते, कीड-रोग आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. आज बांधावरून थोडे घरात येऊ. त्याला कारणही तसेच घडले. मध्यंतरी एका गावी ठिबक सिंचनाची सभा होती. फिल्टर केव्हा धुवावा, लॅटरलच्या शेवटच्या टोकाला दाब पुरतो की नाही हे कसे पाहावे, हे मी तासभर समजावून सांगितले. सभा संपता संपता मागे बसलेल्या एक वयस्क बाई उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, उसाच्या शेवटच्या सरीला पानी पोचतंय का न्हाई त्ये तुमी इचारता. आमच्या मोरीतल्या नळाखाली येक हंडा भराया अर्धा तास लागतोय, त्ये कुनी इचारायचं?"

सभेत हशा पिकला. मला मात्र हसता आले नाही. घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. सहा माणसांच्या घराला झाले ३३० लिटर. हंडा १५ लिटरचा धरला तर २२ हंडे. अर्ध्या तासाला एक हंडा, म्हणजे नुसत्या पाण्यापायी ११ तास! दावणीच्या जनावरांचे पाणी यात धरलेलेच नाही. दुभत्या गाईला उन्हाळ्यात दिवसाला ६० ते ८० लिटर, कधी त्याहूनही जास्त पाणी लागते. हे तास घरातल्या बाईच्या आणि शाळकरी मुलीच्या वाट्याचे असतात, म्हणून ते कुणाच्या वहीत लिहिले जात नाहीत.

पिकाला पाणी पोचले नाही तर आपण लगेच पाइपलाइन तपासतो. घरातल्या नळाची धार बारीक झाली तर मात्र "पाणीच कमी येतंय" म्हणून गप्प बसतो, नाही तर मोटर आणून नळाला जोडतो. यातला पहिला मार्ग आळसाचा आणि दुसरा धोक्याचा आहे. धार बारीक होण्याची बरीच कारणे घरातच असतात आणि ती फार खर्च न करता शोधता येतात. ती कशी शोधावी, हे आज पाहू.

आधी मोजा, मग पाना हाती घ्या

डोळ्यांना बारीक दिसणारी धार प्रत्यक्षात किती आहे, ते प्रथम मोजावे. लिटरच्या बाटलीने १० लिटर पाणी बादलीत ओतून तिथे खूण करावी. मग नळ पूर्ण उघडून खुणेपर्यंत बादली भरायला किती वेळ लागतो, ते घड्याळात पाहावे. मोरीतल्या किंवा स्वयंपाकघरातल्या नळाखाली १० लिटर पाणी मिनिट-दीड मिनिटात भरले तर नळ ठीक आहे असे समजावे. तीन मिनिटांच्या वर वेळ लागला तर कुठे तरी अडचण आहे.

हे माप घरातल्या प्रत्येक नळाचे वेगवेगळे घ्यावे आणि लिहून ठेवावे. त्यातूनच दोष कुठे आहे, हे बरेचसे कळते:

– एकच नळ बारीक आणि बाकीचे चांगले असतील तर दोष त्या नळातच आहे.
– टाकीवरचे सगळे नळ बारीक असतील तर दोष टाकीच्या तोंडाशी किंवा टाकीतून निघणाऱ्या मुख्य पाइपात आहे.
– टाकीवरचे नळ चांगले आणि गावच्या योजनेचा नळ तेवढा बारीक असेल तर दोष रस्त्यापासून घरापर्यंतच्या पाइपात किंवा गावच्या लाइनीत आहे.
– एक नळ एकटा चांगला चालतो, पण दुसरा उघडताच दोन्ही मरतात, असे असेल तर पाइप अरुंद आहे.

आणखी एक साधी खूण आहे. सगळे नळ पाच मिनिटे बंद ठेवावेत आणि मग एक उघडावा. पहिला फवारा जोरात येऊन लगेच धार बारीक झाली, तर दाब आहे पण वाट तुंबलेली आहे. पहिल्यापासूनच धार मरगळलेली असेल, तर दाबच कमी आहे. वैद्य नाडी पाहतो तशी ही नळाची नाडी समजावी. ती पाहिल्याशिवाय औषध करू नये.

दाब उंचीचा असतो, टाकीच्या पोटाचा नव्हे

पुष्कळ ठिकाणी एक समजूत आढळते. ५०० लिटरच्या टाकीने जोर येत नाही म्हणून लोक १००० लिटरची टाकी आणतात, तीही त्याच जागी ठेवतात आणि जोर तेवढाच राहिला की दुकानदाराला दोष देतात. टाकी मोठी असली की पाणी जास्त वेळ पुरेल, पण जोर वाढणार नाही. नळावर पाण्याचा जोर किती, हे नळापासून टाकीतल्या पाण्याची पातळी किती उंच आहे यावर ठरते. १० मीटर उंचीला साधारण १ किलो दर चौरस सेंटिमीटर एवढा दाब मिळतो. ठिबकच्या फिल्टरजवळच्या घड्याळात आपण पाहतो तोच हा दाब. म्हणजे टाकीतले पाणी नळापेक्षा ३ मीटर, सुमारे १० फूट वर असेल तर ०.३ किलो दाब मिळतो. मोरीतल्या नळाला तेवढा पुरतो. पण न्हाणीघरातला फवारा नळाहून चार फूट वर असतो, म्हणून त्याच टाकीखाली नळ चांगला चालतो आणि फवारा नुसता गळतो. गॅसचा गिझर याच कारणाने पेट घेत नाही आणि कपडे धुण्याचे यंत्र पाणी भरत बसते.

आपल्या नळावर किती उंचीचा दाब आहे, हे घरीच पाहता येते. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी नळाच्या तोंडाला घट्ट बांधावी, नळीचे दुसरे टोक भिंतीला धरून वर वर न्यावे आणि नळ हळू उघडावा. नळीत पाणी जिथपर्यंत चढून थांबेल, तेवढ्या उंचीचा दाब तुमच्या नळावर आहे. गवंडी ज्या नळीने पातळी काढतो, तीच नळी या कामाला चालते.

टाकी चार-पाच फूट उंच केली की फरक लगेच कळतो. पण इथे एक इशारा देतो. १००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि टाकीचे वजन वेगळे. मातीच्या भिंतीवर, पत्र्याच्या वाशांवर किंवा जुन्या माळवदावर असे ओझे कधीही ठेवू नये. न्हाणीघराच्या स्लॅबवर ठेवायची असेल तरी भिंतीच्या माथ्यावर भार येईल अशी बैठक करावी. लोखंडी मांडणी करायची तर तिचे पाय फरशीवर नुसते टेकवू नयेत, पाया भरून त्यात घ्यावेत. टाकीखाली तळभर सपाट आधार हवा. चार विटांवर टेकवलेली प्लॅस्टिकची टाकी वर्ष-दोन वर्षांत बुडाशी फाटते.

वाट किती रुंद?

दाब असूनही धार बारीक असण्याचे मुख्य कारण अरुंद पाइप हे असते. टाकीतून निघताना एक इंची पाइप घ्यावा, स्वयंपाकघर आणि मोरीकडे जाताना पाऊण इंची करावा आणि नळाजवळ शेवटच्या हातभर अंतरातच अर्धा इंची करावा. आपल्याकडे पैसे वाचवण्यासाठी टाकीपासूनच अर्धा इंची पाइप टाकतात आणि मग त्यावर चार नळ, गिझर आणि गोठ्याची तोटीही काढतात. हे म्हणजे पाच एकरांचे पाणी एका दांडातून नेण्यासारखे आहे.

पाइपाचा आतला व्यास दुप्पट केला तर वाट चौपट होते. शिवाय पाणी पाइपाच्या कडेला घासणे कमी होते, म्हणून त्याच उंचीवरून पाच-सहापट पाणी जाते. टाकीपासून लांब जाणाऱ्या पाइपात हा फरक फार जाणवतो. जवळ जवळ बसवलेले एल्बो, अर्धवट उघडणारे व्हॉल्व्ह आणि दाबून घट्ट केलेली रबरी नळी या सगळ्यांत थोडा थोडा जोर मरतो. जिथे जमेल तिथे पाइप सरळ न्यावा. गेट व्हॉल्व्ह गोल फिरवून पूर्ण उघडा आहे ना, ते पाहावे. वर्षानुवर्षे न हलवलेल्या व्हॉल्व्हची आतली पाचर तुटून वाटेतच पडते. चाक फिरते, पण वाट उघडत नाही. असा व्हॉल्व्ह बदलावाच लागतो.

हवेची गाठ

ठिबकच्या किंवा विहिरीच्या लाइनीत उंचवट्यावर हवा काढण्याचा व्हॉल्व्ह का बसवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. घरातही तीच गोष्ट आहे. टाकीतून निघालेला पाइप कठड्यावरून उडी मारून खाली उतरवला, किंवा भिंतीवर वर-खाली नेला, की त्या उंचवट्यावर हवा साठते. टाकी भरलेली असते, पण नळाला पाणी ठिबकत येते किंवा गुरगुर करून थांबते. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली की हा त्रास हमखास होतो.

यावर खरा उपाय म्हणजे टाकीपासून नळापर्यंत पाइपाला सतत उतार ठेवणे. टाकीच्या व्हॉल्व्हनंतर लगेच एक टी जोडून अर्ध्या इंची उभी हवानळी टाकीच्या झाकणापेक्षा वर नेऊन ठेवावी आणि तिचे तोंड खाली वळवून जाळी बांधावी. तात्पुरता उपाय करायचा असेल आणि टाकी घरच्या बोअरच्या पाण्यावर भरत असेल, तर बोअरच्या मोटरची नळी अडलेल्या नळाच्या तोंडाला धरून अर्धा-एक मिनिट उलटे पाणी सोडावे. हवा टाकीकडे निघून जाते. गावच्या योजनेच्या नळाला अशी नळी कधीही जोडू नये. त्याचे कारण पुढे सांगतो.

क्षार आणि गंज

आपल्या भागात बोअरचे पाणी बहुतेक जड असते. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि भांड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. तोच थर पाइपातही बसतो. ठिबकच्या छिद्रांवर दिसणारा पांढरा क्षार आणि नळात अडकणारा क्षार एकाच जातीचा आहे. अर्धा इंची, म्हणजे १५ मिलिमीटरच्या पाइपात चहूबाजूंनी नुसता २ मिलिमीटर थर बसला तर आतली वाट ११ मिलिमीटरची राहते, आणि पाणी निम्म्याहूनही कमी जाते. जुन्या लोखंडी पाइपात क्षाराला गंजाची जोड मिळते आणि आत खरबरीत गाठी धरतात.

नळाच्या तोंडाशी बारीक जाळी असेल तर ती हाताने फिरवून काढावी आणि रात्रभर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजत घालावी. सकाळी जुन्या दातघासणीने घासली की मोकळी होते. "आमचा नळ गेला" म्हणून सांगणाऱ्या घरी पुष्कळदा एवढेच काम निघते. नळाचा वॉशर फुगून वाट अडवत असेल तर तो बदलावा. त्याला खर्च फार येत नाही. गरम पाण्याचेच नळ तेवढे बारीक झाले असतील तर गिझरच्या तोंडाशी क्षार बसला आहे असे समजावे. ते काम विजेचे असल्याने जाणत्या माणसाकडून करून घ्यावे.

एक गोष्ट निक्षून सांगतो. ठिबकच्या लाइनीत आपण आम्ल सोडतो, तसे घरच्या पाइपात कधीही सोडू नये. पितळी आणि लोखंडी भाग खाल्ले जातात आणि तेच पाणी पोटात जाते. थर बसलेला लोखंडी पाइप धुऊन नवा होत नाही. तो काढून पिण्याच्या पाण्यासाठीचा प्लॅस्टिकचा पाइप टाकावा. गरम पाण्याला मात्र सी.पी.व्ही.सी. पाइपच हवा, साधा पी.व्ही.सी. पाइप गरम पाण्याने मऊ पडतो.

टाकीतला गाळही विसरू नये. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या आधी, टाकी घासून धुवावी. पाणी बाहेर जाणारे तोंड तळापासून दोन-तीन इंच वर असावे, म्हणजे गाळ नळात उतरत नाही. झाकण घट्ट असावे. उजेड शिरला की शेवाळ धरते, आणि शेवाळ शेवटी नळाच्या जाळीत येऊन बसते.

नळाला मोटर: माझीच चूक

आता सर्वांत महत्त्वाचे. दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी स्वतःची चूक कबूल करतो.

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. आमच्या गावी योजनेचे पाणी दोन दिवसांआड आणि जेमतेम पाऊण तास येई. आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. मी तालुक्याहून अर्ध्या अश्वशक्तीची मोटर आणली आणि सरळ नळाला जोडली. टाकी अर्ध्या तासात भरली! घरात सगळे खूश झाले. महिन्याभरात आमच्या गल्लीत पाच घरांना मोटरी लागल्या.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहते. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. एक दिवस ती रिकामा हंडा घेऊन आमच्या दारात आली आणि म्हणाली, "बाबा, तुज्या मोटरीचा आवाज सुरू झाला, की माज्या नळाचा जीव जातो. तूच येक हंडा वत." मी दोन हंडे भरून दिले, आणि आपण फार चांगले काम केले असे मला वाटले. तिचेच पाणी तिला देऊन मी उपकार केले होते, हे तेव्हा डोक्यात शिरले नाही.

त्यानंतर पाऊस सुरू झाला. महिन्याभराने गल्लीतल्या दोन मुलांना कावीळ झाली. त्यांतला एक माझाच पुतण्या. आरोग्य केंद्राच्या लोकांनी आमच्या नळाचे पाणी तपासायला नेले, तर ते पिण्यास अयोग्य निघाले. लाइन उकरली तेव्हा दिसले, की गटाराखालून जाणाऱ्या पाइपाचा सांधा सैल होता. सांधा कदाचित कित्येक वर्षे तसाच होता. पण लाइनीत दाब असतो तेव्हा अशा सांध्यातून पाणी बाहेर झिरपते. मोटरीने लाइन आतून ओढली, की तेच छिद्र बाहेरची घाण आत घेते. पाच मोटरी मिळून आम्ही गटार ओढत होतो. पोर बरे झाले, पण त्याची आई दीड महिना आमच्याशी मोकळेपणाने बोलली नाही, आणि तिचे काही चुकले नाही.

मोटर काढली, तेव्हा प्लंबरने रस्त्यापासूनचा आमचा पाइप उपसून दाखवला. पंचवीस वर्षांचा लोखंडी पाइप. आत गंजाने इतका भरला होता की पेन्सिल जाईना. तो बदलला आणि त्याच पाण्याची धार दुपटीहून मोठी झाली. पाण्याची टंचाई खरी होती. पण आमच्या घरापुरता अर्धा दोष आमच्याच अंगणात पुरलेला होता. ठिबकची शेवटची नळी तपासायला लोकांना शिकवणाऱ्या मला स्वतःच्या दारातला पाइप तपासावा असे सुचले नव्हते.

याच कारणाने आणखी एक धोका सांगतो. शेतकऱ्याच्या घरात तो फार मोठा आहे. फवारणीच्या औषधाचे पिंप भरताना नळाची नळी औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची सवय आपल्याला असते. त्याच वेळी कुणी मोटर लावली किंवा पाणी बंद झाले, की लाइन उलटी ओढते आणि पिंपातले विष पिण्याच्या पाइपात जाते. नळीचे टोक पिंपाच्या काठापेक्षा वर, हातभर अंतरावर धरावे. त्याहून उत्तम म्हणजे आधी बादलीने पाणी घेऊन मग औषध कालवावे. शेतातल्या लाइनीवरून घराला पाणी घेत असाल, तर खत सोडण्याची व्हेंच्युरी किंवा टाकी त्या लाइनीवर नसावी. घरचे पाणी वेगळ्या पाइपाने न्यावे.

मग पाणी वर चढवायचे कसे?

मोटर वाईट नाही, ती लाइनीला जोडणे वाईट. अंगणात जमिनीलगत सिमेंटचा हौद बांधावा किंवा प्लॅस्टिकची टाकी ठेवावी. योजनेचे पाणी तिच्यात आपल्या जोराने येऊन पडू द्यावे. तोंडाशी फ्लोट बसवावा, म्हणजे भरली की पाणी आपोआप थांबते. मग हौदातले पाणी मोटरीने वरच्या टाकीत चढवावे. मोटर तुमच्या हौदातून ओढते, शेजाऱ्याच्या नळातून नव्हे. हौदाचे तोंड जमिनीपासून हातभर उंच असावे, त्यावर कुलपाचे झाकण असावे आणि पावसाचे व गोठ्याचे पाणी त्याकडे वळणार नाही अशी जागा निवडावी. लहान मुलांच्या दृष्टीने झाकणाच्या बाबतीत हयगय करू नये. खाली येणारी रात्रीची बारीक धारसुद्धा या पद्धतीने कामी येते. मिनिटाला एक लिटर पाणी सहा तास आले तरी ३६० लिटर होते, म्हणजे मघाचा सहा माणसांचा हिशेब पूर्ण होतो. कुणाला हंड्याजवळ बसून राहावे लागत नाही.

हौदाच्या मोटरीला पाणी कमी येत असेल तर फुटव्हॉल्व्ह पाहावा. त्याच्या जाळीत कचरा अडकतो किंवा पडदा गळतो, मग दर वेळी मोटरीत पाणी ओतावे लागते. विजेचा दाब कमी असेल तरीही मोटर मंद फिरते आणि तापते. अशा वेळी ती चालू ठेवू नये. ओल्या हाताने बटण दाबू नये आणि मोटरीला अर्थिंग असल्याशिवाय ती वापरू नये.

घरात सगळे ठीक असेल तर

घरातले सगळे तपासले, तरीही योजनेच्या नळाला जोर नाही, असे झाले तर काम गावाचे आहे. त्यासाठी आठ दिवस रोज लिहावे: पाणी किती वाजता आले, किती वाजता गेले आणि १० लिटर भरायला किती वेळ लागला. गल्लीच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि टोकाच्या अशा तीन घरांची नोंद एकत्र घेऊन ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा. "पाणी येत नाही" या तोंडी तक्रारीपेक्षा "सुरुवातीच्या घरी १ मिनिट, टोकाच्या घरी ९ मिनिटे" हा कागद जास्त बोलतो. पाणीपुरवठा समितीपुढे आणि ग्रामसभेत तो वाचून दाखवावा. सर्वांना सारख्या मापाचे कनेक्शन आहे का, गावाचे भाग पाडून व्हॉल्व्हने आळीपाळीने पाणी सोडता येईल का, गळणारे सांधे कुठे आहेत, हे प्रश्न विचारावेत. जलसुरक्षकाला क्लोरिनची तपासणी टोकाच्या नळावर करायला सांगावे, टाकीखालच्या पहिल्या नळावर नव्हे.

आणि आपापल्या नळाला तोटी बसवावी. सखल भागातला एक उघडा नळ मिनिटाला १० लिटरप्रमाणे तासात ६०० लिटर पाणी गटारात घालवतो. तेवढे सहा माणसांच्या घराला जवळजवळ दोन दिवस पुरले असते. उंचावरच्या घरांची तहान पुष्कळदा अशा गटारातून वाहत असते.

या आठवड्यात एवढे करा:

१. सगळ्या नळांचे १० लिटरचे माप घेऊन लिहा. हे काम शाळकरी मुलांना द्या, आवडीने करतील.
२. नळाच्या जाळ्या काढून धुवा, गळके वॉशर बदला.
३. टाकीचे तळ, झाकण आणि व्हॉल्व्ह पाहा.
४. पाइपाला वर-खाली उंचवटा असेल तिथे खूण करा.
५. योजनेच्या नळाला मोटर असेल तर ती काढा आणि हौदाला जोडा.
६. गल्लीच्या टोकाच्या घरी जाऊन त्यांचा नळ कसा चालतो, ते एकदा डोळ्यांनी पाहा.

हे शेवटचे काम सर्वांत सोपे दिसते, पण ते माझ्याकडून २०१६ साली झाले नव्हते. आमच्या मावशींच्या नळाखाली आज हंडा पाच मिनिटांत भरतो. त्या अजूनही सकाळी आमच्या घरासमोरून जाताना थांबून विचारतात, "बाबा, मोटर हौदालाच हाय न्हवं?" मीही रोज सांगतो, "हौदालाच आहे, मावशी."

तुमच्या घरी माप काय निघाले, ते पत्राने जरूर कळवा. पुढच्या वेळी पुन्हा शेतात जाऊ.